मंगलचा डावा डोळा

आमच्या गावातून चाकणला गेलेली माणसं पुष्कळ आहेत, पण चाकण बघायला म्हणून गेलेलं कोणी नाही. जवळजवळ प्रत्येक घरातलं कोणीतरी तिकडच्या कंपनीत आहे. ते गणपतीला येतं, शिमग्याला येतं, येताना बाकरवडीचा पुडा आणतं, आणि तिकडे कसं आहे म्हणून विचारलं तर "गर्दी असा" एवढंच सांगतं. मी स्वतः नोकरीभर प्राथमिक शाळेत भूगोल शिकवला. 'पिंपरी-चिंचवड ही उद्योगनगरी आहे' हे वाक्य किती मुलांकडून घोकून घेतलं असेन. पण निवृत्त होऊन मी पाहायला गेले ती काशी आणि हंपी. त्यांची वर्णनं आमच्या वाचनालयाच्या वार्षिकात छापून आली आणि लोकांना आवडलीही. यंदा वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, "तुम्ही पुण्याकडे बरेच दिवस होतात ना? त्याबद्दल लिहा की." मी सहलीला गेले नव्हते हे त्यांना ठाऊक होतं, तरी त्यांनी विचारलं. मी बरेच दिवस टाळलं. आता लिहिते आहे, तर जे झालं ते तसंच लिहिते.

मी गेले होते माझ्या धाकट्या बहिणीसाठी. तिचं नाव मंगल. लग्नानंतर ती तिकडे गेली. तिचे यजमान दिलीपराव मूळचे बीडकडचे, चाकणच्या एका कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवतात. त्यांना मूलबाळ नाही. मंगलही चाकणलाच गाड्यांचे रंगवलेले भाग तपासायच्या कामाला होती. फेब्रुवारीत तिचा फोन आला. तिच्या डाव्या डोळ्यामागे गाठ निघाली होती आणि ती नाकातून काढणार होते. मला वाटलं फोन नीट लागत नाहीये. मी दोनदा विचारलं, "खंयसून?" ती दोन्ही वेळा म्हणाली, "नाकातसून गो."

रावेत

रातराणी बसने महामार्गावर सोडलं तेव्हा उजाडत होतं आणि चांगलीच थंडी होती. आमच्याकडे त्या दिवसांत आंब्याला मोहर असतो, सकाळी अंगणात त्याचा वास येतो. रावेतला उतरले तेव्हा सिमेंटचा आणि डिझेलचा वास आला. चहूकडे उंच इमारती, काही राहत्या, काही नुसते सांगाडे. मध्येच एखादा ज्वारीचा तुकडा शिल्लक, त्याच्या बांधावर इमारतीची जाहिरात. पवनेच्या पुलावरून खाली पाहिलं तर नदी दिसेना, हिरवंगार कुरण दिसलं. मला आधी आनंद झाला. मग दिलीपराव म्हणाले, "ती नदीच हाय ताई. जलपर्णी हाय ती वरून."

मंगल गावठाणातल्या एका जुन्या घराच्या माडीवर भाड्याने राहते. दार तिनेच उघडलं. उजव्या बाजूने पाहिलं तर माझी नेहमीची बहीण. तिने मान वळवली आणि डावा डोळा दिसला. तो पुढे आला होता. बुबुळाच्या वरही पांढरं दिसत होतं, जणू त्या एकट्या डोळ्याने काहीतरी भयंकर पाहिलं होतं आणि दुसऱ्याला त्याचा पत्ताच नव्हता.

"इलंस?" ती म्हणाली. "बघ, बेडकासारखो झालो मा डोळो?"

"काय तरी बोला नको," मी म्हटलं आणि तिला जवळ घेतलं. तिच्या खांद्यावरून मी आतल्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिले, रडू येऊ नये म्हणून.

घराच्या मालकीणबाई खाली राहतात. त्यांना सगळे पारूआक्का म्हणतात. त्या परिसरातलं हे जुनं शेतकरी घराणं. आता शेत नाही. मुलांचे भाड्याचे गाळे आहेत आणि दारात मोठी गाडी आहे. आक्का मात्र अजून चुलीवरच भाकरी करतात. मी आल्याचं कळताच त्या झाकलेली थाळी घेऊन वर आल्या.

"बहीण आली म्हनं कोकनातनं. मासवडी केलीया. आवडती न्हवं?"

मासवडी म्हटल्यावर मी खूश झाले. एवढ्या लांब येऊनही पहिल्याच दिवशी मासे! मी हात धुऊन बसले, वडीचा तुकडा तोंडात घातला आणि काटा शोधू लागले. काटा कुठला, माशाचा वासही नाही. बेसनाच्या आवरणात तीळ, खोबरं आणि लसूण. माझा चेहरा पाहून मंगलला असं हसू फुटलं की तिने पदर तोंडात धरला. "आक्का, हिला खरंच मासा वाटला!" आक्काही हसल्या. "अगं बया, आमी मावळातली मानसं, आमाला कुटला मासा? बेसनाचाच करावा लागतो." मंगल बराच वेळ हसत होती. डोळ्यातलं पाणी पुसायला तिने पदर वर नेला आणि डाव्या डोळ्याला हळूच, अगदी दुसऱ्याच्या वस्तूला लावावा तसा, टिपकागदासारखा लावला. मग तिचं हसणं थांबलं.

आक्कांनी तिला विचारलं, "नाकातनं करनार म्हनं आपरेशन? नाकातनं डोळ्यात जायाला वाट हाय व्हय?"

"हाय म्हणतात, आक्का."

"देवानं काय काय करून ठेवलंया," आक्का म्हणाल्या, आणि थाळी तशीच ठेवून खाली गेल्या.

चाकण

रजेच्या कामासाठी मंगलला एकदा कंपनीत जायचं होतं. मी बरोबर गेले. सोबत म्हणून, आणि खरं सांगायचं तर चाकण बघायचंही होतं.

चाकण म्हणजे मला वाटलं होतं मोठमोठ्या चिमण्या आणि काळा धूर. तसं काही नाही. लांबच लांब निळ्या-करड्या शेडी, त्यांच्यापुढे कातरलेली हिरवळ, आणि मधल्या रस्त्यांवर कंटेनरच्या रांगा. एकेका कंटेनरवर नव्या कोऱ्या गाड्या दुमजली बांधलेल्या. चौकात आमची बस इतका वेळ उभी होती की शेजारच्या ट्रकच्या ड्रायव्हरने खाली उतरून चहा घेतला, परत वर चढला, तरी कोणी हललं नव्हतं. आमच्याकडे अनोळखी माणूस भेटला की विचारतात, "कोणातलो तू?" इथे विचारतात, "कोणत्या कंपनीत?" माझ्या शेजारच्या बाईंनी मलाही विचारलं. मी शाळेत होते म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला, जणू आमच्यात बोलण्यासारखं काही उरलं नाही.

मंगलचं काम काय असतं हे मला त्या प्रवासात पहिल्यांदा नीट कळलं. रंगवलेले बंपर ट्यूबलाइटच्या बोगद्यासारख्या जागेतून सरकत येतात. तिथे उभं राहून रंगात धुळीचा कण अडकलाय का, कुठे ओघळ आलाय का, छटा वेगळी पडलीय का, हे बघायचं. दोष दिसला की खूण करायची. "आमच्या लायनीत माझ्याइतकी नजर कोणाचीच नव्हती," ती म्हणाली. यात बढाई नव्हती. ती भूतकाळात बोलतेय, हे मात्र माझ्या कानाला लागलं.

"कळला कसा तुका?" मी विचारलं.

"लाल रंग फिको दिसाक लागलो. माका वाटला ट्यूबी जुनी झाली. मी बदलूक सांगितलंय. बदलली. तरी तसाच. मगे एकदा कँटीनमध्ये टोमॅटोची फोड होती ताटात. उजवो डोळो झाकून बघितलंय, तर विटकरी. डावो झाकून बघितलंय, तर लाल." ती खिडकीबाहेर बघत बोलत होती. "माका तेव्हाच कळला, ट्यूब नाय, मीच."

त्यानंतर एक दिवस तिने पास केलेला माल परत आला. साहेब ओरडले नाहीत. त्यांनीच तिला डोळे तपासून घ्यायला पाठवलं. मग एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे, आणि शेवटी मोठ्या मशिनमध्ये घालून काढलेल्या फोटोत ती गाठ दिसली.

गेटवर मला आत सोडलं नाही. मी सुरक्षारक्षकाच्या खोलीपाशी बाकावर बसले. शिफ्ट सुटली आणि एकाच रंगाच्या शर्टातली शेकडो मुलं-मुली बाहेर आली. बहुतेक वीस-बावीसची. मंगल त्यांच्यातून उलट्या दिशेने चालत आली. डावीकडून येणाऱ्या एकाला तिचा धक्का लागला. तो "सॉरी काकू" म्हणाला. काकू म्हणाली, "माझंच चुकलं."

"काय म्हणाले साहेब?" मी विचारलं.

"म्हणाले, बरी होऊन या, जागा तुमचीच आहे."

चिंचवड

इस्पितळ चिंचवडला. तिथे दोन डॉक्टर मिळून हे काम करतात. एक डोळ्यांच्या बाई आणि एक कान-नाक-घशाचे डॉक्टर. दोघांनी आम्हाला एकत्र बसवून समजावून सांगितलं. मी इतकी वर्षं मुलांना शिकवलं, पण इतकं सोपं करून कोणी मला काही शिकवल्याचं आठवत नाही.

बाईंनी कागदावर डोळ्याची खोबण काढली, आइस्क्रीमच्या कोनासारखी. रुंद तोंडाशी डोळा, आणि निमुळत्या टोकातून डोळ्याची नस मेंदूकडे जाते. "गाठ इथे आहे," त्यांनी टोकापाशी पेन टेकवलं. "नसेच्या आतल्या बाजूला. बाहेरून गेलो तर डोळा बाजूला ओढावा लागतो. वरून गेलो तर कवटी उघडावी लागते. पण या टोकाच्या शेजारीच नाकाच्या पोकळ्या आहेत. मधली भिंत कागदाइतकी पातळ असते. तिकडून गेलं की गाठ समोरच येते. नस गाठीच्या पलीकडे राहते, तिला ओलांडावं लागत नाही."

नाकाचे डॉक्टर म्हणाले की एका नाकपुडीतून पेन्सिलीपेक्षाही बारीक दुर्बीण जाते, आतलं सगळं पडद्यावर दिसतं, आणि दोघं मिळून दोन्ही नाकपुड्यांतून काम करतात. चेहऱ्यावर एकही टाका नाही.

दिलीपरावांचा चेहरा उजळला. "म्हंजे सोपं हाय की डॉक्टर."

"वाट सोपी आहे," बाई म्हणाल्या. "जागा सोपी नाही." मग त्या दिलीपरावांकडे नाही, माझ्याकडे नाही, मंगलकडे बघत म्हणाल्या, "गाठ बहुतेक रक्तवाहिन्यांची आहे, कॅन्सर वाटत नाही. पण ती नसेला चिकटलेली दिसतेय. सोडवताना नसेचा रक्तपुरवठा दुखावला तर या डोळ्याची नजर पूर्ण जाऊ शकते. आम्ही कितीही जपलं तरी. नाही केलं, तर ती हळूहळू जाईल. किती दिवसांत, ते मला सांगता येणार नाही."

बाईंनी आम्हाला घाई केली नाही. घरी जाऊन विचार करा म्हणाल्या. आम्ही घरी आलो. दिलीपराव म्हणाले, "मला काईच समजंना ताई. तुमी शिकलेल्या हायत, तुमी सांगा." मी काय सांगणार? भूगोलात कुठेही हे नव्हतं.

मंगल तांदूळ निवडत होती. उजवा डोळा ताटाच्या जवळ नेऊन. ती मान वर न करता म्हणाली, "रोज सकाळी उठान बघूचा, आज किती उरला. नको गो माका ता. काय ता एकदाच होऊ दे."

तिनेच ठरवलं. त्यात कोणाचा आग्रह नव्हता.

शस्त्रक्रियेच्या दिवशी तिला सकाळीच आत नेलं. दिलीपराव जिन्यात उभे राहिले, बसले नाहीत. मी खालच्या उपाहारगृहात गेले आणि पोहे मागवले. वर शेव आणि बरोबर सांबार आलं. पोह्यांवर सांबार ओतून खायची तिकडची पद्धत. एरवी मी यावर या वर्णनात एक परिच्छेद लिहिला असता. मी ते सगळं खाल्लं. कसं लागलं ते मला आठवत नाही.

दुपारी दोघं डॉक्टर बाहेर आले. नाकाच्या डॉक्टरांच्या कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. "गाठ निघाली," ते म्हणाले. "अख्खी निघाली." दिलीपरावांनी वाकून त्यांचे पाय धरले. डॉक्टरांनी त्यांना उठवलं. बाई मात्र हसल्या नाहीत. "शुद्धीवर येऊ दे, मग बघू," एवढंच.

संध्याकाळी मला आत घेतलं. मंगलच्या नाकात पट्टीचे बोळे भरलेले होते, ती तोंडाने श्वास घेत होती. पण तिचा डोळा! तो परत आपल्या जागी गेला होता. दोन्ही डोळे सारखे. मला लहानपणीची मंगल दिसली. मी हात जोडले.

बाई आल्या. त्यांनी मंगलच्या उजव्या डोळ्यावर आपला तळवा घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने छोट्या बॅटरीचा प्रकाश डाव्या डोळ्यावर टाकला. तो माझ्याही डोळ्यांत गेला इतका प्रखर होता.

"मंगलताई, उजेड दिसतोय का?"

मंगलने मान किंचित पुढे केली. मग नाक बंद असल्यामुळे जड झालेल्या आवाजात म्हणाली, "लावा ना मॅडम. मी बघतेय."

बाईंनी बॅटरी तशीच धरली. बाजूला नेली, जवळ आणली.

"लावलीत का?" मंगलने विचारलं.

दिलीपराव माझ्या मागे होते. त्यांच्या घशातून कसलासा आवाज आला. मंगलने तो ऐकला आणि तिला कळलं.

मग धावपळ झाली. सलाईनमधून औषध सुरू केलं. तिला परत मशिनमध्ये नेलं, आत रक्त साठून नसेवर दाब आलाय का ते बघायला. मी मनात म्हणत होते, असू दे, रक्त साठलेलं असू दे. रक्त असेल तर ते काढतील आणि नस मोकळी होईल. बहिणीच्या डोळ्यामागे रक्त साठावं अशी मी प्रार्थना केली. तेही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाई मंगलच्या पलंगाजवळ स्टूल ओढून बसल्या. "आत काही दाबत नाहीये," त्या म्हणाल्या. "दाबत असतं तर मी पुन्हा आत गेले असते. नस जागेवर आहे, तुटलेली नाही. पण तिचं रक्त थांबलं. गाठ पूर्ण निघाली आणि नजर वाचली नाही. मला फार वाईट वाटतंय." त्यांचे डोळे लाल होते. मला त्यांच्यावर रागवायचं होतं. फार वेळ मी राग शोधत होते, पण कुठे ठेवावा ते कळेना. त्या एकही खोटा शब्द बोलल्या नव्हत्या.

"औषधाने येईल?" दिलीपरावांनी विचारलं.

"चालू ठेवू या. पण मी आशा दाखवणार नाही."

मंगलने विचारलं, "दुसऱ्याला काही होणार नाही ना?"

"नाही. उजवा डोळा चांगला आहे."

"बरं," मंगल म्हणाली आणि भिंतीकडे वळली. नर्स धावत आली, तिला कुशीवर झोपायची परवानगी नव्हती.

देहू

दिलीपराव इस्पितळात थांबले आणि मला म्हणाले, "ताई, तुमी जरा भायेर जाऊन या." मला कुठे जायचं ते कळेना. आपल्याकडे असं काही झालं की माणूस ग्रामदेवतेकडे जातो. इथे मला एकच नाव ठाऊक होतं. मी चौकशी केली, बसमध्ये बसले आणि 'देहू' ऐकल्याबरोबर उतरले. समोर बाजार, रेल्वेचं स्टेशन, लष्कराच्या भिंती. देऊळ कुठे दिसेना. एका पानवाल्याला विचारलं तर म्हणाला, "मावशी, हे देहूरोड. तुम्हाला देहूगाव पाहिजे. ते निराळं. सगळे फसतात." त्याने टपरी सोडून मला रस्त्यापर्यंत आणलं आणि भरलेल्या रिक्षात जागा करून बसवून दिलं.

देहूगावात इंद्रायणीच्या घाटावर दुपारी शांतता होती. देवळात जाऊन मी हात जोडले. आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात. गावचा मानकरी, गावकर, मोठ्याने म्हणतो, "बा देवा म्हाराजा", मग माणसाचं जे दुःख असेल ते सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे म्हणतात, "व्हय म्हाराजा". माणसाने एकट्याने मागायचं नसतं, सगळ्यांनी मिळून मागायचं. मी मनात "बा देवा म्हाराजा" म्हटलं. पुढे काय म्हणू? गाठ निघू दे? ती निघाली होती. साधी असू दे? साधीच होती. मागण्यासारखं जे होतं ते संपून गेलं होतं. आणि "व्हय" म्हणायला शेजारी कोणी नव्हतं.

घाटावर एक म्हातारी माशांना घालायच्या लाह्या विकत बसली होती. तिने मला पायरीवर बसलेलं पाहिलं.

"कुनासाठी आलात, बाई?"

"बहिणीसाठी. तिचा डोळा गेला."

"येईल की. माउली हाय."

"नाही येणार," मी म्हटलं. मला स्वतःलाच तो आवाज परका वाटला. "डॉक्टर म्हणाल्या."

समजूत घालायला म्हातारीने आणखी काही शोधलं नाही, याबद्दल मी अजून तिची ऋणी आहे. मग एक पुडी उचलून माझ्या हातात दिली. "मग माशांला तरी घाला. त्यांला भूक असतीच."

मी लाह्या टाकल्या. पाणी गढूळ होतं, मासे दिसले नाहीत. लाह्या मात्र एकेक करून खाली ओढल्या जात होत्या.

पुन्हा रावेत

मंगल घरी आली. शिंकायचं ते तोंड उघडं ठेवून, नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, उशी उंच, दिवसातून अनेकदा मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं. ती सगळं पाळत होती. नाकातून खपल्या पडत. तिला वास येत नव्हता; तो काही दिवसांनी येईल असं डॉक्टर म्हणाले होते. मी पिंपरीच्या बाजारातून बांगडे आणले, बर्फातले, पण बांगडे. आमच्याकडे माशांत घालतात ते तिरफळ मी गावाहून आणलंच होतं. माहेरच्यासारखं तिखलं, म्हणजे घट्ट तिखट कालवण, केलं. सगळ्या माडीला वास सुटला, खालून आक्का विचारायला आल्या. मंगल ताटावर बसली, दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "कोमट लागता." तिने ताट संपवलं, मला वाईट वाटू नये म्हणून. मला ते जास्त लागलं.

तिसऱ्याच दिवशी तिने चहा करायला घेतला. मी नको म्हटलं तरी. कपाच्या शेजारी ओट्यावर तिने चहा ओतला, अगदी शांतपणे, पूर्ण कपभर. खाली ओघळ पायावर आला तेव्हा तिला कळलं. एका डोळ्याने अंतर कळत नाही, ते शिकावं लागतं. तिने फडकं घेतलं, ओटा पुसला, आणि पुन्हा पाणी ठेवलं.

कंपनीतल्या मैत्रिणी भेटायला आल्या. पेढे घेऊन. "अगं, काही कळतच नाही!" एक म्हणाली. "डोळा किती छान झालाय! टाका नाही, वण नाही. आम्हाला वाटलं केवढी मोठी पट्टी असेल." दुसरी म्हणाली, "सायन्स कुठल्या कुठे गेलंय नाही?" मंगल हसून हो म्हणाली. त्यांना तिने सांगितलं नाही. त्या गेल्यावर मी विचारलं, का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "दाखवतलंय काय? काय दिसता हयसर?" आणि तिने आपला चांगला दिसणारा चेहरा माझ्यासमोर धरला. खरंच, दाखवण्यासारखं काही नव्हतं. हात मोडला असता तर झोळी तरी असती.

कामावर मात्र सांगावंच लागलं. कंपनीच्या डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं की तपासणीच्या कामाला ती योग्य नाही. हे बरोबरच आहे, असं तीच म्हणाली. साहेबांनी जागा राखली, पण दुसरी. खोक्यांवर चिठ्ठ्या लावायची. पहिल्या दिवशी संध्याकाळी ती आली, पायातल्या चपला काढताना भिंतीला धरलं आणि म्हणाली, "खुर्ची दिली गो माका. लायनीकडे पाठ करून."

माझं निघायचं ठरलं होतं. तिने आयुष्यात मला कधी थांबवलं नव्हतं. लग्न करून जाताना, आई गेली तेव्हाही नाही. यावेळी म्हणाली, "रव अजून थोडे दिवस." मी राहिले. पण माझंही घर आहे, घरात आजारी दीर आहेत, शेवटी तिकीट काढलंच.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघी गच्चीवर बसलो होतो. दिलीपराव दुसऱ्या शिफ्टला गेले होते. समोर महामार्गावर गाड्यांचे दिवे लागायला लागले होते. मी बराच वेळ बोलत होते. गावातलं, शेजाऱ्यांचं, घराच्या कौलांचं. ती समोर बघत होती, उत्तर देत नव्हती. मला वाटलं, तिला ऐकायचं नसेल. मी गप्प झाले.

मग ती म्हणाली, "ताई, तू त्या बाजूक बसलंस की माका तू नसतंसच गो. नुसतो आवाज येता. ह्या बाजूक ये."

मी उठले आणि तिच्या उजवीकडे जाऊन बसले. तिने मान न वळवता माझ्याकडे पाहिलं. आक्कांनी जेवायला हाक मारेपर्यंत आम्ही तशाच बसून होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी निघाले. आता मी तिच्या उजवीकडेही नाही.